सहा लाख चौरस किलोमीटर, बारा हेलिकॉप्टरं

२२ फेब्रुवारी २०१२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०३६ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. सोमालियात अल-शबाब या बंडखोर गटाशी लढणाऱ्या आफ्रिकी संघाच्या फौजेची मर्यादा १२,००० वरून १७,७३१ वर गेली आणि तिच्या दिमतीला हेलिकॉप्टरं मंजूर झाली. नऊ ने-आण करणारी, तीन हल्ला करणारी, म्हणजे एकूण बारा. सोमालियाचं क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला तर एका हेलिकॉप्टरच्या वाट्याला ५३ हजार चौरस किलोमीटर येतात. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे जोडले तरी एवढा मुलूख भरत नाही.

तीसुद्धा ठरावातली हेलिकॉप्टरं. ती द्यायची होती फौज पाठवणाऱ्या देशांनी, आणि एवढी हेलिकॉप्टरं मोकळी ठेवण्याची ऐपत त्यांच्यातल्या कुणाकडेच नव्हती. युगांडाने पुढाकार घेतला. १२ ऑगस्ट २०१२ रोजी एन्टेबेहून चार हेलिकॉप्टरं निघाली, हल्ला करणारी तीन एमआय-२४ आणि ने-आण करणारं एक एमआय-१७. एन्टेबे ते मोगादिशू हे सरळ रेषेतलं अंतर साधारण १,४५० किलोमीटर. एमआय-२४ पोटातल्या इंधनावर जातं जेमतेम साडेचारशे किलोमीटर. म्हणजे युद्धभूमी दिसायच्या आधी किमान तीनदा उतरून इंधन भरायचं, तेही दुसऱ्याच्या देशात, केनियात. आणि वाटेत उभा ५,१९९ मीटर उंचीचा माउंट केनिया. या यंत्राची कमाल उंची ४,९०० मीटरच्या आसपास. ५,००० मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्केच दाट असते, पात्यांना धरायला पुरेसं काही उरत नाही. त्या संध्याकाळी तिन्ही एमआय-२४ त्या डोंगरावर कोसळली. एका हेलिकॉप्टरमधले सैनिक जिवंत सापडले, बाकी दोन हेलिकॉप्टरांचे जळके सांगाडे नंतर मिळाले. एकटं एमआय-१७ केनियातल्या गारिसाला सुखरूप उतरलं.

हल्ला करणारी तीन हेलिकॉप्टरं मंजूर झाली होती. तीनही शत्रूची एक गोळी न झेलता संपली. त्यानंतर कितीतरी वर्षं तो बाराचा आकडा भरला नाही.

आफ्रिकेतल्या हवाई दलांबद्दल बोलताना लोक लढाऊ विमानांपासून सुरुवात करतात. कोणाकडे सुखोई, कोणाकडे एफ-१६, कोणी पाकिस्तानकडून जेएफ-१७ घेतलं. माझ्या मते तो हिशेब दुय्यम आहे. या खंडाचा खरा शत्रू अंतर आहे. आफ्रिकेचं क्षेत्रफळ ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या नऊपटीहून थोडं जास्त. कैरोहून केपटाउन सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून लंडन. डाकार ते मोगादिशू जवळपास ७,००० किलोमीटर. आणि या सगळ्यावर ५४ देशांच्या हद्दी. जगात लष्करी विमानं आणि हेलिकॉप्टरं मिळून पन्नास हजारांच्या वर आहेत, त्यातली आफ्रिकेच्या वाट्याला आलेली चार हजारांच्या आसपास. एकट्या इजिप्तकडे त्यातली हजाराहून अधिक. उत्तरेची किनारपट्टी वजा केली की सहाराच्या खाली काय उरतं, ते सांगायला नको.

उरतं त्यातलंही सगळं उडत नाही. दक्षिण आफ्रिकेने स्वीडनकडून २६ ग्रिपेन लढाऊ विमानं घेतली, खंडाच्या दक्षिण टोकाची शान म्हणून. २०२१ च्या सप्टेंबरपासून वर्षभर ती जमिनीवर उभी होती. लढाईत मार खाल्ला नव्हता, देखभालीच्या कंत्राटाला पैसे नव्हते. त्याच हवाई दलाची सी-१३० हर्क्युलस विमानं १९६३ सालची. त्यातलं एक ९ जानेवारी २०२० रोजी काँगोत गोमाच्या धावपट्टीवर उतरताना पेटलं. विमानाचं वय तेव्हा ५७ वर्षांच्या आसपास. माणूस असतं तर निवृत्तीची वर्षं मोजायला लागलं असतं. (गोमाची धावपट्टीही काही साधी नव्हे. २००२ साली न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्हाने तिचा जवळपास तिसरा हिस्सा गिळला होता.)

आता एक फौज हलवायचा हिशेब मांडू. जानेवारी २०१४. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात कत्तली चालल्या आहेत, रवांडा ८५० सैनिक द्यायला तयार आहे. किगाली ते बांगी हे अंतर पुन्हा तेवढंच, साधारण १,४५० किलोमीटर. एका हर्क्युलसमध्ये नव्वदएक जवान मावतात. नुसती माणसं न्यायला दहा खेपा. गाड्या, दारूगोळा, पाणी, तंबू वेगळे. हर्क्युलस एका वेळी एकोणीस-वीस टनांच्या वर उचलत नाही. ज्या देशाकडे हर्क्युलसच नाही त्याने काय करायचं? त्या वेळी जे झालं ते असं की अमेरिकेची सी-१७ विमानं किगालीत उतरली आणि रवांडाची पलटण त्यांत बसून गेली. त्याआधी महिनाभर बुरुंडीचे सैनिकही तसेच गेले होते. सी-१७ एका खेपेत ७७ टन नेतं. आफ्रिकेतल्या एकाही हवाई दलाकडे ते नाही. भारताकडे अकरा आहेत.

हे काही एकदाच झालं असं नाही. सुदानच्या दारफुरमध्ये आफ्रिकी संघाची शांतिसेना होती तेव्हा, २००५ ते २००७ या काळात, नाटोने ३१,००० हून अधिक सैनिक, पोलिस आणि निरीक्षक विमानांनी आणले-नेले. आफ्रिकेतला तंटा, आफ्रिकेचे सैनिक, निर्णय आदिस अबाबातल्या आफ्रिकी संघाचा आणि विमान युरोप-अमेरिकेचं. ज्याचं विमान, वेळापत्रकही त्याचंच.

म्हणूनच २०१५ साली आफ्रिकी हवाई दलांची संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या बैठकांतले विषय वाचणाऱ्याला कंटाळवाणे वाटले असतील. वाहतूक, देखभाल, उड्डाणसुरक्षा, प्रशिक्षण, एकमेकांच्या हद्दीतून जाण्याची परवानगी. अमेरिकी हवाई दलाच्या साथीने २०११ पासून हवाई दलप्रमुखांची परिषद भरू लागली होती, त्यातून ती वाढली. किगालीत २०२२ ला, डाकारमध्ये २०२३ ला प्रमुख जमले. यात अमेरिकेचा हेतू निव्वळ परोपकाराचा आहे असं कोणी मानत नाही. नायजरमध्ये अगादेझजवळ वाळवंटात सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून तिने ड्रोनचा तळ बांधला होता. लष्करी उठावानंतर नव्या राज्यकर्त्यांनी जा म्हटलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो रिकामा करून द्यावा लागला. पण विषयांची यादी मात्र बरोबर आहे. एकाकडे विमान, दुसऱ्याकडे इंधनाचा तळ, तिसऱ्याकडे इंजिन उघडू शकणारे मेकॅनिक, असं जोडल्याशिवाय १,४५० किलोमीटरसुद्धा पार होत नाहीत.

आणि जोडता येतं, हे या खंडाने दाखवलेलं आहे. नागरी विमानांच्या बाबतीत तर १९५९ पासून. आसेक्ना नावाची एक संस्था आहे, डाकारला मुख्यालय असलेली. सतरा-अठरा आफ्रिकी देश आणि फ्रान्स यांनी मिळून तिच्या हाती आपलं आकाश सोपवलं आहे. १ कोटी ६१ लाख चौरस किलोमीटर आकाश, भारताच्या जमिनीच्या जवळपास पाचपट, एकाच संस्थेचे नियंत्रक सांभाळतात. युरोपातून खाली जोहान्सबर्गकडे जाणारं विमान रात्री सहाराच्या डोक्यावरून जातं तेव्हा त्याच्याशी बोलणारा नियंत्रक बहुधा यांचाच असतो. खाली सरकारं पडतात, उठाव होतात. वरचं काम सुरू राहतं. प्रवासी विमानाला जे जमलं ते लष्करी विमानाला सहसा जमत नाही, कारण तिथे नकाशावर आणि रडारवर आपलं काय काय आहे हे शेजाऱ्याला दाखवावं लागतं.

लष्करी सहकार्य जमल्याचा दाखलाही आहे, आणि तोही तीनच हेलिकॉप्टरांचा. २०१३ मध्ये पूर्व काँगोत एम-२३ बंडखोरांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी ३,०६९ जणांची लढाऊ तुकडी मंजूर केली. दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांचे सैनिक. दक्षिण आफ्रिकेने आपली रूईफाल्क पाठवली. हे हेलिकॉप्टर दक्षिण आफ्रिकेने स्वतः घडवलेलं, निर्बंधांच्या काळात सुरू केलेलं, आणि हवाई दलासाठी बनवली फक्त बारा. पुन्हा बारा! त्यातली तीन काँगोत गेली, ज्या देशाचं क्षेत्रफळ भारताच्या सत्तर टक्के आहे. ४ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांनी पहिल्यांदा प्रत्यक्ष युद्धात रॉकेटं डागली. दुसऱ्या दिवशी एम-२३ ने बंड संपल्याचं जाहीर केलं. श्रेय एकट्या रूईफाल्कला देणं चूक, काँगोची फौज आणि टांझानियाचा तोफखाना महिनोनमहिने लढत होता. पण तिकडची तीन डोंगरावर संपली आणि इकडची तीन कामी आली, हा विरोधाभास पाहण्यासारखा आहे. (एम-२३ पुढे परतलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने गोमा घेतलं, ही वेगळी आणि दुःखाची कथा.)

युद्धाशिवायही हिशेब असतात. फेब्रुवारी २००० मध्ये मोझांबिकमध्ये लिम्पोपो आणि सावे नद्यांना महापूर आला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी हेलिकॉप्टरं पहिल्यांदा पोहोचली, आणि जगाची मदत यायच्या आधी बराच काळ तीच होती. झाडांवरून, छपरांवरून, टेकाडांवरून त्यांनी १४,००० हून अधिक माणसं उचलली. १ मार्चला एका झाडावर एक बाई बाळंत झाली. काही दिवस ती तिथेच बसून होती, खाली पाणी. हेलिकॉप्टरमधून दोरावर उतरलेल्या लष्करी परिचारकाने फांदीवरच नाळ कापली आणि दोघींना वर घेतलं. मायलेकी वाचल्या. झाडाच्या शेंड्याला घासेल इतक्या जवळ एवढं मोठं यंत्र स्थिर ठेवायचं आणि पात्यांच्या वाऱ्याने फांदी मोडू द्यायची नाही, हे वैमानिकाच्या हाताचं काम.

भारताचा या आकाशाशी संबंध जुना आहे. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी आपल्या पाच क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा विमानं सात हजारांहून जास्त किलोमीटर उडून काँगोत गेली. तिथे त्यांच्या जोडीला स्वीडनची जेट विमानं होती आणि इथिओपियाची एफ-८६ सेबर. तेव्हा आफ्रिकेतल्या बहुतेक देशांना स्वतःचं हवाई दलही नव्हतं. त्याच सुमारास इजिप्तमध्ये हेलवानला एचए-३०० हे स्वनातीत विमान घडत होतं. आराखडा विली मेसरश्मिटचा, इंजिन ऑस्ट्रियन फर्डिनांड ब्रांडनरच्या हाताखालचं, आणि त्या इंजिनात भारताचाही वाटा, कारण आपल्या मारुत या लढाऊ विमानाला दमदार इंजिन हवं होतं. ७ मार्च १९६४ रोजी या विमानाचं पहिलं उड्डाण केलं ते भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. १९६९ मध्ये प्रकल्प गुंडाळला. आफ्रिका-आशिया मिळून लढाऊ जेट बनवण्याचा तो प्रयत्न यशस्वी झाला असता तर मारुतचं नशीबही कदाचित पालटलं असतं.

आज ते नातं हिंदी महासागरात दिसतं. मॉरिशसची जमीन २,०४० चौरस किलोमीटर, पण त्याच्या आर्थिक हक्काचा समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. जमिनीच्या हजारपटीहून जास्त समुद्र राखायचा आणि हवाई दल नावाची गोष्टच नाही! ते काम पोलिसांची सागरी विमान तुकडी करते, कानपूरला एचएएलने बनवलेल्या डॉर्नियरांवर. ज्या बेटावर मराठी भाषकांच्या घरी आजही गणपती बसतो, त्या बेटाच्या समुद्रावरची ही टेहळणी. उत्तरेला ११०० किलोमीटरवर मॉरिशसचीच अगालेगा बेटं. तिथे तीनशेच्या आसपास माणसं राहतात आणि भारताने बांधलेली तीन किलोमीटरची धावपट्टी २९ फेब्रुवारी २०२४ ला खुली झाली. माणशी दहा मीटर धावपट्टी.

अवकाशातली भागीदारी जास्त कठीण निघाली. चाळीसहून अधिक आफ्रिकी देशांनी मिळून दूरसंचारासाठी रॅस्कॉम उभी केली. तिचा उपग्रह २१ डिसेंबर २००७ रोजी गेला आणि हेलियम गळायला लागला. पंधरा वर्षांचं आयुष्य दोनेक वर्षांवर आलं. २०१० मध्ये बदली उपग्रह पाठवावा लागला. आता कैरोत आफ्रिकी अवकाश संस्थेचं मुख्यालय २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आहे. सीमेवरची हालचाल, चाचे, पूर, टोळधाड हे सगळं वरून एकदाच दिसत असताना ५४ देशांनी चित्रं वेगवेगळी विकत घ्यावीत, याला काही अर्थ नाही.

तरी विश्वास ही वस्तू किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ७ डिसेंबर २०२५ रोजी बेनिनमध्ये उठावाचा प्रयत्न झाला, तिथल्या सरकारने हाक मारली आणि नायजेरियाची लढाऊ विमानं सीमा ओलांडून मदतीला गेली. दुसऱ्याच दिवशी लागोसहून पोर्तुगालला निघालेलं नायजेरियाचंच एक हर्क्युलस तांत्रिक अडचणीमुळे बुर्किना फासोत बोबो-दिउलासोला उतरलं. बुर्किना, माली आणि नायजर यांच्या गटाने हद्दभंगाचा आरोप केला. विमानातले अकरा जण आठवड्याहून जास्त काळ तिथेच अडकले, लागोसपासून जेमतेम हजार किलोमीटरवर.