तलाव आहे, चौपाटी आहे, मग रेती कुठाय?

ज्यांनी कानात हेडफोन लावून हा भाग ऐकला, त्यांना पुढचं बरंचसं ओळखीचं वाटेल. ज्यांना ऑफिसात किंवा बसमध्ये गुपचूप वाचणंच सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं रूप. बोलताना माझं ‘म्हणजे’ फार झालं होतं, ते काढलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

तर, महालात वाढलेल्या पोराचा पहिला बीच कोणता? कोणाच्या तरी घराचं बांधकाम निघायचं, ट्रक यायचा आणि गल्लीत रेतीचा ढीग ओतून जायचा. तोच आमचा बीच. संध्याकाळी त्यात पाय खुपसून घर करायचं, दोन बाजूंनी बोगदा खणायचा आणि आत एकमेकांचा हात लागला की ओरडायचं. त्या रेतीत शिंपले सापडायचे. आम्हाला वाटायचं समुद्रातून आले. (पुण्या-मुंबईचे श्रोते, तुमची वाळू ती आमची रेती. या भागात रेतीच म्हणणार आहे.)

हे सगळं आठवलं ते शिकागोच्या मावसभावामुळे. त्यानं मिशिगन सरोवराच्या काठचा व्हिडिओ पाठवला. पिवळी रेती, लाटा, पोरं व्हॉलीबॉल खेळताहेत, मागे बाग, त्याच्यामागे उंच इमारती. खाली मेसेज होता, “तलावांचं शहर म्हणतोस ना आपल्या नागपूरला? मग आपल्या एकाही तलावाला असा किनारा काहून नाही बे?”

मी आधी चिडलो. मग विचार केला, प्रश्न बरोबर आहे. फुटाळ्याला आपण चौपाटी म्हणतो, तिथे भुट्टा खातो, फोटो काढतो. पण चिमूटभर रेती नाही तिथे. महालातून चालत दहा-पंधरा मिनिटांवर गांधीसागर. त्याला तर चारही बाजूंनी दगडी भिंत आणि लोखंडी कठडा, मध्ये बेटावर बाग. पाण्याला हात लावायचा म्हटलं तरी वाकून पोहोचत नाही.

गांधीसागरचं कारण सोपं आहे. तो फिरायला बांधलेलाच नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर वसवलं, आणि त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलताननं शहराला पाणी मिळावं म्हणून नाग नदीकडे जाणारे ओहोळ वळवून हा तलाव केला. जुम्मा तलाव, मग शुक्रवारी तलाव, मग गांधीसागर. नावं बदलली, काम एकच होतं: पाण्याची टाकी. अंबाझरी आणि फुटाळा भोसल्यांच्या काळातले, तेही बांध घालून पाणी अडवलेले. आपल्याकडचे तलाव असे अडवलेले आहेत. मिशिगन सरोवर हिमयुगातल्या बर्फानं खरवडून केलंय, आणि वितळताना त्या बर्फानं रेतीचे ढीगच्या ढीग मागे टाकले. शिवाय ते सरोवर उत्तर-दक्षिण जवळपास पाचशे किलोमीटर लांब आहे. एवढ्या मोकळ्या पाण्यावरून वारा आला की समुद्रासारख्या लाटा उठतात. लाट बारीक गाळ उचलून आत नेते, जड रेती काठावर ठेवते. हजारो वर्षं ही चाळणी चालू आहे. फुटाळ्यावर वारा सुटला तर भुट्टेवाल्याच्या शेगडीतल्या ठिणग्या उडतात, तेवढंच.

पण समजा, लाटा असत्या तरी? तरीही रेती आली नसती. इथे खरी गंमत आहे.

नागपूर शहर दोन वेगळ्या जमिनींच्या शिवणीवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा भाग म्हणजे बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. सह्याद्री ज्या दगडाचा, तोच. हा दगड इथे येऊन संपतो. पूर्वेला त्याच्या कितीतरी जुने स्फटिकी खडक आहेत, वर माती-गाळाची चादर. आणि उत्तरेला, कामठीकडे, वालुकाश्म. म्हणजे रेतीचाच दाबून झालेला दगड, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासचा. भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘कामठी’ नावाचा खडकांचा अख्खा गट आहे, आपल्या कामठीवरून नाव पडलेला.

आता, रेती म्हणजे बहुतांशी गारगोटीचे कण. गारगोटी चिवट, झिजते पण विरघळत नाही. बसाल्टमध्ये गारगोटी जवळपास नसतेच. तो झिजला की रेती होत नाही, काळी चिकण माती होते, कपाशीची. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव हे सगळे शहराच्या पश्चिमेला, बसाल्टवर. गांधीसागरात येणारं पाणीही मुळात त्याच बाजूचं. म्हणून या तलावांच्या तळाशी काळा गाळ. रेती येणार कुठून?

आमच्या गल्लीतला ढीग यायचा तो कन्हानचा. ही नदी छिंदवाड्याकडच्या सातपुड्यातून येते, जुन्या स्फटिकी खडकांवरून आणि वालुकाश्मावरून. तिच्या पात्रात म्हणून रेती. आणि ते शिंपले? कन्हानमधल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे. समुद्राचा संबंधच नव्हता.

मग आपल्या तलावाला किनारा नाहीच का? आहे. फक्त तो वर्षभर एका जागी नसतो, आणि भिंत घातलेल्या तलावावर तो दिसत नाही. अंबाझरीसारख्या तलावाला बांधाच्या समोरची बाजू बघा. तिथे जमीन हळूहळू उतरत पाण्यात जाते. मे महिन्यात पाणी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास तर नुसतं वाफ होऊन जातं. नागपूरचा उन्हाळा काय सांगू, मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता. उतार कमी असला की एक सेंटिमीटर पाणी उतरलं तरी काठ बरंच अंतर मागे जातो. रोज थोडी नवी जमीन उघडी पडते. आधी चकचकीत चिखल, मग राखाडी, मग भेगाळलेली. चिकण माती सुकताना आकसते, म्हणून त्या भेगा.

याच काळात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. घरटं असं काही नसतंच, चार खडे आणि ठिपक्यांची अंडी, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर येऊन ओरडायला लागली तर समजा, चुकीच्या जागी उभे आहात. जिथून आलात तिथूनच परत फिरा.

आणि इथे एक कबुली. तीन वर्षांपूर्वी मेमध्येच, शहराबाहेरच्या एका तलावावर आम्ही चौघं गेलो होतो. मित्राला रील काढायची होती. भेगाळलेली जमीन, मागे सूर्य, झकास फ्रेम. तो पाण्याकडे चालत गेला आणि पाण्यापासून दहा पावलांवर गुडघ्यापर्यंत आत. आम्ही हसलो. त्यानं दुसरा पाय टाकला, तोही गेला. मग कोणी हसलं नाही. वरचा पापुद्रा सुकलेला असतो, खाली तीच माती पाण्यानं फुगलेली, लोण्यासारखी. पाय सरळ वर ओढला की खाली पोकळी होते आणि चिखल आणखी घट्ट धरतो. काठावर मासे पकडणारे एक काका होते. ते ओरडले, “उभा राहू नको, मागे बस! बस खाली!” तो बसला, मग जवळजवळ आडवा झाला, पाय एकेक करून हलवत काढले. वीस मिनिटं लागली. चप्पल अजून तिथेच आहे. भेगा जिथे रुंद आहेत आणि गुरांच्या पावलांचे ठसे कोरडे आहेत, तिथपर्यंत जमीन धरते. भेगा बारीक व्हायला लागल्या की थांबायचं. हे काकांनी सांगितलेलं.

पावसाळा सुरू झाला की लगेच तलाव भरत नाही. पहिलं पाणी भेगाच पितात, माती फुगते, भेगा मिटतात, मग पाणी वरून वाहायला लागतं. आणि ते पहिलं पाणी घाण असतं: रस्त्यावरचं तेल, नाल्यातला साचलेला मळ, सगळं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, म्हणून जून-जुलैत कधीकधी मेलेले मासे तरंगताना दिसतात. त्या दिवसांत पाण्यात पाय घालू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तलाव भरलेला, सांडव्यावर गर्दी. पण भरलेल्या तलावाला आणखी पाणी ठेवायला जागा नसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. सांडव्याजवळची सेल्फी मला तेव्हापासून नको वाटते.

गणपतीचं थोडक्यात: विसर्जन आता काठावरच्या कृत्रिम टाक्यांत होतं. तलावाला ते मानवलंय. बस.

जायचं तर हिवाळ्यात जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं, काठ नुकताच मागे सरकायला लागलेला, आणि त्या ओल्या पट्ट्यात तुतवार, धोबी असे पाहुणे चिखलातले किडे टिपत फिरतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे ३.५ अंश थंडी पडली होती, तेव्हा स्वेटर न्या. सकाळी सातला पोहोचा, सोबत संत्री ठेवा. साली पिशवीत परत आणा, भाऊ.

हे पक्षी गांधीसागरच्या भिंतीपाशी कशाला येतील? त्यांना बोटभर पाणी आणि उतरता काठ लागतो. म्हणून कुठल्याही तलावाच्या ‘सुशोभीकरणा’त चारही बाजूंनी दगड, फरशी आणि दिवे आले की माझ्या पोटात गोळा येतो. एक बाजू करा ना, बसायला, आजी-आजोबांना फिरायला. बाकीची तशीच ठेवा, चिखलाची. भावानं सुचवलं, ट्रकभर रेती टाकून बीच करा. चिकण मातीवर टाकलेली रेती पहिल्या पावसात अर्धी आत वाहून जाईल, अर्धी गाळात रुतेल. वरून तलाव तेवढा उथळ होईल.

रेतीच हवी असेल तर जानेवारीत कन्हानला जा. पात्रात पाणी कमी असतं, रेती बऱ्यापैकी मोकळी. पण पोहायला उतरू नका. रेती उपसून झालेले खड्डे पाण्याखाली असतात, वरून पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो. काठही उपशामुळे कोरलेला असतो, कडेवर बसू नका. बुडालेल्या पोरांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यातली बरीच तुमच्याच वयाची असतात.

घरी करून बघायचा एक प्रयोग सांगतो. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत कन्हानची मूठभर रेती, दुसरीत तलावाच्या काठची मूठभर माती. पाणी भरा, जोरात हलवा, खिडकीत ठेवा. हा भाग रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री मी ठेवल्या होत्या. रेतीची बाटली मिनिटभरात खाली बसली, वर पाणी जवळपास स्वच्छ. दुसरी सकाळी माइक लावला तेव्हाही चहासारखीच होती. आता हे टाइप करतोय, दुसरा दिवस संपत आलाय, आणि वरून जेमतेम चार बोटं पाणी निवळलंय.