थंडीत खुडूक बसलेली कोंबडी

कोंबडी जागची उठेना. जवळ गेले तर पिसे फुलवते. हात लावला तर चोच मारते. घशातून घोगरा आवाज काढते. मग समजावे, कोंबडी खुडूक झाली. आता तिला अंडी उबवायची आहेत.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे माग चालतात. तसेच पुढे गेले की कुंभारी, वळसंग ही गावे लागतात. या भागात मागावर जाणारी, विड्या वळणारी, शेतात राबणारी माणसे राहतात. दारात चार-दोन गावठी कोंबड्या असल्या की घराला तेवढाच हातभार. पण डिसेंबर-जानेवारीत कोंबडी बसवली की पुष्कळदा फसगत होते. बारा अंडी ठेवावीत आणि पिल्ले निघावीत चार! शिवाय खुडूक कोंबडी अंडी देत नाही. पुढे पिल्ले मोठी होईपर्यंतही देत नाही. म्हणजे नुकसान दुहेरी.

असे का होते, ते बघू या.

कोंबडीचे अंग फार गरम असते. सुमारे ४१ अंश सेल्सियस. आपल्याला एवढा ताप आला तर दवाखाना गाठावा लागेल! अंड्याला ३७ ते ३८ अंश ऊब लागते, तीही २१ दिवस. कोंबडी ती सहज देते. पण ती ऊब वरून मिळते. खालून काय मिळते? शहाबादी फरशीचा गारवा. पत्र्याची खोली तर दिवसा तापते आणि रात्री गारठते. दाराच्या फटीतून वारा येतो, तो वेगळाच.

म्हणून आधी खालचा गारवा अडवावा. पाटी नुसत्या फरशीवर ठेवू नये. दोन विटा ठेवाव्यात, त्यांवर दुमडलेले पोते घालावे, मग पाटी. पाटीत तळाला थोडी कोरडी राख किंवा माती. वर चार बोटे जाड भुसा किंवा मऊ गवत. मधे खोलगट करावे, म्हणजे अंडी एकमेकांजवळ राहतात. पाटी भिंतीकडेला, वाऱ्याच्या आडोशाला हवी. रात्री वरून जुनी चादर टाकावी. मात्र हवेला एक बाजू उघडी ठेवावी. काहीजणी पाटीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवायचा तर ठेवा बापड्या. ऊब मात्र कोंबडीचीच!

एक गोष्ट करू नये. मागावरचे उरलेले सूत पाटीत घालू नये. ते मऊ दिसते खरे. पण पिल्लाच्या पायाला दोरा गुंडाळला, की आवळत जातो आणि पाय जातो.

आता अंडी किती ठेवावीत? इथेच खरी चूक होते.

सासू म्हणते, “अगं, तेरा ठेव. तेवढीच पिल्लं जास्त.”

सून म्हणते, “आत्याबाई, कडेची तीन अंडी पंखाभाईर दिसत्यात की!”

सुनेचे खरे आहे. कोंबडी दिवसातून अनेकदा अंडी फिरवते. कडेचे आत घेते, आतले कडेला सारते. त्यामुळे गारठा काही त्याच तीन अंड्यांना लागत नाही. आज एकाला, उद्या दुसऱ्याला, असा पाळीपाळीने सगळ्यांना लागतो. तीन अंड्यांच्या लोभाने पाटीभर अंडी बिघडतात. एरवी दहा-बारा ठेवत असाल, तर थंडीत आठ-नऊच ठेवा. पंखाखाली सगळी झाकली गेली पाहिजेत.

अंडी सात दिवसांच्या आतली असावीत. फार लहान, फार मोठी, तडकलेली नकोत. धुऊ नयेत. दुकानातली अंडी चालत नाहीत, कारण त्या कोंबड्यांत कोंबडा नसतो. बंगळूरची गिरिराज, हैदराबादची वनराज या सुधारलेल्या जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची फळलेली अंडी मिळाली, तर आपल्या गावठी कोंबडीखाली ठेवता येतात. अंड्याच्या आतली जात तिला कळत नाही.

कोंबडी रात्री बसवावी. अंधारात ती निमूट बसते. त्याआधी तिच्या पिसांत चाळलेली थंड राख चोळावी. उवा झालेली कोंबडी स्वस्थ बसत नाही, सारखी उठते, आणि अंडी गार होतात.

तिला दिवसातून एकदा खाली सोडावे. पहाटे नको, ऊन चढल्यावर. ज्वारीचे दाणे आणि कोमट पाणी द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत ती आपली आपण परत येते. एखाद्या दिवशी तासभर उशीर झाला, तरी अंडी फेकू नका. बहुतेक वेळा आतला जीव टिकतो.

सातव्या दिवशी रात्री अंडे बॅटरीच्या उजेडात धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर आत जीव आहे. अगदी स्वच्छ दिसले, तर ते वांझ, काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास टरफल फुटते. पिल्लू बाहेर यायला कधी कधी दिवसही घेते. बायका मायेने टरफल सोलू लागतात. सोलू नका. रक्त येऊन पिल्लू दगावते. खाण्याचीही घाई नको. पोटातल्या पिवळ्या बलकावर पहिला दिवस निभतो. मग ज्वारीची बारीक कणी आणि उथळ ताटलीत कोमट पाणी द्यावे. ताटलीत खडे टाकावेत. भिजलेले पिल्लू थंडीत तासाभरातही मरते.

पहिला आठवडा पिल्ले आईसकट डालग्याखाली ठेवावीत. दव वाळल्याशिवाय बाहेर सोडू नयेत. पिल्ले एका जागी गोळा होऊन चिवचिव करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. आई मेली, तर खोक्यात पिल्ले ठेवून वर वीत-दीड वीत उंच तारेचा जुना पिवळा बल्ब टांगावा. एलईडी दिव्याने भागत नाही. त्याचा उजेड पडतो, पण धग जवळजवळ नसते. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नका. तिच्या विषारी वायूने पिल्लेच काय, निजलेली माणसेही मरतात.

इतके करून जगलेली पिल्ले मानमोडीने एका फटक्यात जाऊ शकतात. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात. पिल्ले पाच ते सात दिवसांची झाली, की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. एका बाटलीत पुष्कळ पिल्लांची लस असते आणि ती फोडल्यावर फार वेळ टिकत नाही. तेव्हा चार घरच्या बायकांनी आपापल्या कोंबड्या एकाच सुमाराला बसवाव्यात, म्हणजे सगळ्यांची पिल्ले एका बाटलीत होतात. लस आणताना बर्फ घातलेला थर्मास बरोबर न्यावा.