गुडघ्याची गोष्ट – भाग ६ : गादी शिवली की कापली?

मागच्या आठवड्यात दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया पाहिली. आज मैदानात परतण्याविषयी.

वाकोल्यातले दोन कबड्डीपटू माझ्याकडे फिजिओथेरपीला येतात. एकाच संघातले, दोघांचीही मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेली. मॅटवर बूट पकड घेतो. चढाईत झटकन वळताना पाऊल जागीच राहतं, मांडी फिरते आणि मधली गादी पिळली जाते. पहिला सहा आठवड्यांत सरावाला लागला. दुसऱ्याला डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. परवा त्याची आई कळवळून म्हणाली, "ऑपरेशन एकच ना? मग माझ्याच पोराला का थांबवलंय?"

ऑपरेशन एकच नव्हतं. पहिल्याच्या गादीचा फाटका तुकडा काढून टाकला होता, दुसऱ्याची गादी टाके घालून शिवली होती. रक्तपुरवठा असतो तो गादीच्या बाहेरच्या कडेला, आतल्या भागाला जवळजवळ नाहीच. त्यामुळे कडेजवळची चीर शिवली तर जुळून येते. आतली सहसा जुळत नाही, मग तो तुकडा काढतात. तिथे काही जुळायचं नसल्यामुळे सूज उतरून ताकद आली की साधारण चार ते आठ आठवड्यांत खेळता येतं. शिवलेल्या गादीला मात्र चार ते सहा महिने द्यावे लागतात.

शिकागो बुल्सचा बास्केटबॉलपटू डेरिक रोझ याच्या उजव्या गुडघ्याने हे दोन्ही अनुभवलं. नोव्हेंबर २०१३मध्ये गादी शिवली आणि त्याचा उरलेला सगळा हंगाम गेला. फेब्रुवारी २०१५मध्ये ती पुन्हा फाटली. या वेळी फाटका भाग काढला आणि सुमारे सहा आठवड्यांत तो कोर्टवर उतरला.

मग कापलेलीच बरी, असं वाटेल. पण गुडघा सरळ असताना सांध्यावरचा जवळपास निम्मा भार आणि काटकोनात वाकल्यावर सुमारे ८५ टक्के भार ही गादी पेलते. गादी काढलेल्या गुडघ्यांत हाडांमधली फट कमी होते, कडा वाढतात, हे इंग्लंडच्या फेअरबँक यांनी १९४८मध्येच एक्स-रेवरून दाखवलं होतं. म्हणून त्या माउलीला सांगितलं, पोराचा एक हंगाम गेला, पण गादी वाचली आहे. घरी जाण्याआधी डॉक्टरांना प्रत्येकाने विचारावं: गादी शिवली की कापली?

शिवलेल्या गादीचं खरं पथ्य घरातच असतं. पहिले चार ते सहा आठवडे गुडघा काटकोनापलीकडे वाकवून त्यावर भार द्यायचा नाही. उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, मांडी घालून पंगतीला बसणं, हे डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. पूजेला खुर्ची मागायला लाजू नका.

पुढची पायरी कॅलेंडर बघून ठरत नाही. या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीवरून आम्ही सकाळ-संध्याकाळ टेप फिरवतो. संध्याकाळी अर्धा सेंटिमीटर जास्त भरला, की दुसऱ्या दिवशीचा व्यायाम कमी. सुरुवात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्यापासून झाली, कारण मांडीचा पुढचा स्नायू फार लवकर वाळतो. मग सायकल. मग सांताक्रूझ स्टेशनचा पूल, कठडा न धरता उतरणं. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याची परीक्षा जास्त होते. त्यानंतर सरळ धावणं, वळणं, पकडीशिवाय चढाई आणि सगळ्यात शेवटी पकड.

मैदानात सोडण्याआधी माझ्या अटी चार: सूज नाही, गुडघा पूर्ण सरळ होतो आणि वाकतो, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के आणि एका पायावरची उडीही तेवढीच.

पाचवा महिना लागला तेव्हा त्याची उडी मोजली. चांगल्या पायावर १६० सेंटिमीटर, शिवलेल्या पायावर १२८. ९० टक्के म्हणजे १४४. आईने पुन्हा विचारलं, "तारीख सांगा ना." तो खडू घेऊन वाकला, १४४वर रेघ ओढली आणि म्हणाला, "आई, तारीख ही इथे आहे."

पुढच्या आठवड्यात लिगामेंट. जानेवारी २०२३मध्ये शेजारच्या अंधेरीत, कोकिलाबेन रुग्णालयात ऋषभ पंतच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि मार्च २०२४मध्ये तो मैदानात परतला. मधल्या चौदा महिन्यांत काय काय करावं लागतं, ते पाहू.