बिल्ल्याची भीती, अंगठ्याची बेफिकिरी

देवणी गुरांचा जाणकार जनावर लांबूनच ओळखतो. सबंध पांढरं ते बालंक्या, अंग पांढरं पण तोंडाच्या बाजू काळ्या ते वानेरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके ते शेवरा. आता या ओळखीत कानातल्या पिवळ्या बिल्ल्याची भर पडली आहे, आणि बिल्ल्याबरोबर अफवांचीही.

‘बिल्ल्यात जीपीएस असतं, जनावर कुठं चरतं ते सरकारला दिसतं,’ ही त्यातली पहिली. बिल्ल्यात ना बॅटरी असते, ना सिम. तो प्लॅस्टिकचा तुकडा आहे. त्यावर 12 अंकी क्रमांक आणि बारकोड, एवढंच. लस कधी टोचली, रेतन कधी केलं, मालक कोण, याची नोंद त्या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत होते. रोगाची साथ आली, विम्याचा दावा करायचा झाला, तर हीच नोंद कामी येते. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, त्यामुळे हाळी हंडरगुळीच्या बाजारात जायचं तर तो लागणारच. मात्र त्या नोंदीत मालकाचं नाव आणि मोबाइल नंबरही असतो. म्हणून बैल विकला की नोंदीतली मालकी बदलून घ्यावी.

‘शेतकरी ओळख क्रमांक काढला की जमीन सरकारजमा,’ हीसुद्धा अफवाच. कृषी योजनांसाठी राज्यानं 15 एप्रिल 2025 पासून तो बंधनकारक केला. त्यात तुमचा आधार आणि जमिनीची नोंद जोडली जाते. जमिनीचा हक्क पूर्वीसारखाच सातबारा आणि फेरफारावर चालतो.

खरा धोका आहे तो अंगठ्यात, आणि त्याविषयी आपण फारच बेफिकीर आहोत. नुसता आधार क्रमांक कळला म्हणून खातं रिकामं होत नाही. पण गावात अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढताना काय लागतं ते पाहा: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. ना कार्ड, ना पिन, ना ओटीपी. म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या बँकेत खेटे घालावे लागत नाहीत, ही या सोयीची मोठी देणगी. पण ठशाची नक्कल झाली तर तीच सोय उलटते. शेजारच्या कर्नाटकात 2023 मध्ये जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे वापरून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं उघडकीला आली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. आधारच्या अधिकृत अॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं. रेशनला किंवा पैसे काढायला जाताना ते काही मिनिटांपुरतं उघडायचं. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा. झेरॉक्स द्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारं आधार द्या, आणि कागदावर तारीख व कामाचं नाव लिहा. सेवा केंद्रात ‘आलेला आकडा सांगा’ म्हणाले तर आधी मोबाइलवरचा संदेश पूर्ण वाचा. ओटीपी ही तुमची सही आहे.

‘आम्हा गरिबांचं लपवण्यासारखं आहेच काय?’ असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे, घरात कोणाला कोणता आजार आहे, हे सावकाराला आणि भामट्याला फार उपयोगी पडतं. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो ज्याच्याकडे मोजकंच आहे त्याचाही आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही झाला. पण त्यात सरकारला मोठ्या सवलती आहेत, म्हणून कायद्यावर विसंबून गाफील राहू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं बायोमेट्रिक आजच लॉक करून द्या, ते कसं उघडायचं तेही त्यांना शिकवा. आणि खात्यातून न सांगता पैसे गेले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. लगेच 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा.