पेशींचे अमरत्व आणि मेंदूची झीज

शरीरातील बहुतेक पेशी ठरावीक काळ जगतात, जीर्ण होतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. मेंदूतील चेतापेशी मात्र बहुतांशी जन्मभर त्याच राहतात. कर्करोगात पेशी मरण्याचे नाकारते व अनिर्बंध वाढते. अल्झायमर किंवा कंपवातात जी टिकावयास हवी तीच पेशी अकाली नष्ट होते. असे परस्परविरुद्ध दिशेचे हे दोन रोग एकमेकांना दूर ठेवतात काय, हा प्रश्न संशोधकांना पडला नसता तरच नवल.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कर्करोगातून वाचलेल्या ज्येष्ठांत अल्झायमरचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला. कर्करोगी मुळात वार्धक्यापर्यंत जगतच नसतील, ही शंका रास्तच. पण त्याच व्यक्तींमध्ये पक्षाघाताचे प्रमाण मात्र तसे घटलेले नव्हते.

याचा एक धागा पेशींतील 'पिन-१' या विकरापाशी पोहोचतो. ते काही प्रथिनांचा आकार वळवते. त्यामुळे पेशीविभाजनाला चालना मिळते आणि चेतापेशींतील 'टाऊ' प्रथिन सुस्थितीत राहते. अनेक कर्करोगांत पिन-१ अतिरिक्त असते, तर अल्झायमरग्रस्त मेंदूत ते उणे पडते. नियम सरसकट नाही. कंपवाताच्या रुग्णांत अनेक कर्करोग कमी दिसतात, परंतु मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग अधिक आढळतो.

महाराष्ट्रात या संदर्भात मुंबईच्या पारशी समाजाकडे पाहावे लागते. आपापसांत विवाह करणारा, दीर्घायुषी, व्यापारउदिमात अग्रेसर आणि अग्नीच्या पावित्र्यापोटी धूम्रपान वर्ज्य मानणारा हा लहानसा समाज. डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेली पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत कंपवाताचे प्रमाण दर लाखामागे सुमारे ३२८ निघाले, आणि हा आकडा फार मोठा होता. वृद्धांची संख्या अधिक असणे हे त्याचे एक कारण. याच समाजात तंबाखूजन्य कर्करोग कमी, मात्र स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, असे मुंबईच्या कर्करोग नोंदणीत दिसले.

येथेच एक धोकादायक तर्क जन्म घेतो. धूम्रपान करणाऱ्यांत कंपवात कमी आढळतो, हे जगभरच्या पाहण्यांत वारंवार दिसले आहे. मग तंबाखू मेंदूला हितकारक म्हणावी काय? गोंदिया-नागरा परिसरात, जेथे बिडी व तेंदूपानांचा व्यापार जुना आहे आणि पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, तेथे असे वाक्य वाऱ्यासारखे पसरेल. पण फ्रॅमिंगहॅमच्याच पाहणीत तंबाखूशी निगडित कर्करोगातून वाचलेल्यांना पक्षाघाताचा धोका दुपटीहून अधिक होता. आणि पक्षाघातही स्मृती हिरावतो. शिवाय कंपवाताच्या रुग्णांना निकोटिन देऊन पाहिले असता रोगाची गती मंदावली नाही. ज्या तोंडाच्या कर्करोगाने विदर्भातील कर्ते पुरुष ऐन उमेदीत जातात, त्याची भरपाई या हिशेबात कोठेच बसत नाही.

घरातील ज्येष्ठांपुरते पाहता, अल्झायमर असलेल्या आजोबांना कर्करोग होणारच नाही असे गृहीत धरणे घातक ठरते. वेदना कोठे आहे हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून न भरणारी तोंडातील जखम, घटते वजन, गिळताना होणारा त्रास याकडे सुना-मुलांनीच लक्ष ठेवावे लागते. उलटपक्षी, केमोथेरपीनंतर आजी नावे विसरू लागल्या तर तो लगेच स्मृतिभ्रंश समजू नये. ही विस्मृती पुष्कळदा काही महिन्यांत ओसरते. ती ओसरली नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना कर्करोगाच्या उपचारांची फाईलही सोबत न्यावी.