लोकरीच्या नमद्याची भित्तिचित्रे : ती कशी मढवावीत व कशी टांगावीत

सास्तूर व भोवतालच्या गावांतील शिक्षकास वर्गाच्या भिंतीवर काही टांगावयाचे झाल्यास एक विचार आधी करावा लागतो. तो अन्य जिल्ह्यांतील शिक्षकाच्या मनात सहसा येत नाही. दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात ज्या गावांची सर्वाधिक हानी झाली, त्यांत सास्तूर होते. गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद त्यांच्या अंगावर आले. पुढे 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली, नव्या बांधकामांत सलोह काँक्रीटचे पट्टे आले. आज आपल्यापुढे बसणाऱ्या मुलांना त्या पहाटेची आठवण असणे शक्य नाही. परंतु त्यांच्या घरी ती आहे. म्हणून मुलाच्या डोक्यावर आपण काय टांगतो, हा येथे केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

या दृष्टीने लोकरीचा नमदा हे फार सोयीचे साधन आहे. लोकर न विणता, गरम पाणी व साबण लावून चोळून आणि लाटून जे जाड कापड तयार होते, तो नमदा. जुनी माणसे त्यास बुरणूस म्हणत. कोल्हापूरकडे व कर्नाटकाच्या सीमेवर जेन हा शब्द आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल व घर्षण मिळाले की ते परस्परांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असल्यामुळे चोळण्याचे श्रम अधिक पडतात, एवढेच. ती गावच्या धनगराकडे सहज मिळते. अलीकडे तिला भावच उरला नसल्याने कातरलेली लोकर टाकून दिली जाते, हे आपण पाहतोच. काळी, तपकिरी व पांढरी अशा नैसर्गिक छटांतच मुलांकडून चित्र करून घ्यावे. हळदीचा पिवळा रंग मोहक दिसतो, पण उन्हाने लवकर उडतो.

वजनाचा हिशोब करून पाहावा. 60 सेंटिमीटर रुंद, 90 सेंटिमीटर उंच व अर्धा सेंटिमीटर जाड असा नमदा सुमारे अर्धा किलो भरतो. तेवढ्याच आकाराच्या तसबिरीस 3 मिलिमीटर जाडीची काच घातली, तर नुसती काचच चार किलोंची होते. चौकटीचे वजन निराळे. नमदा खाली पडला तर मुलाच्या अंगावर घोंगडी पडल्यासारखे होईल. काच पडली तर काय होईल, हे लिहिण्याची आवश्यकता नाही. तेव्हा नमद्यास काच लावण्याचा मोह टाळावा. काचेमागे ओल कोंडते आणि नमद्याचा जो खरा गुण, हाताला लागणारा त्याचा पोत, तो मुलांपासून दुरावतो.

मढविण्याच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाने आरंभी मोठी चूक केली. मुलांनी केलेला नमदा त्याने खळ लावून प्लायवुडच्या फळीवर चिकटविला. चित्र पहिले काही दिवस ताठ व देखणे दिसले. पावसाळ्यात खळ ओलावली, तिच्या वासाने किडे आले, आणि दिवाळीच्या सुटीनंतर पाहतो तो कडेच्या मेंढीचे अर्धे अंग नाहीसे झालेले. ती मेंढी जिने केली होती, ती मुलगी फळीसमोर उभी राहिली व काही न बोलता जागेवर जाऊन बसली. खळीत मोरचूद घातल्यास किडे येत नाहीत असे बुकबाइंडर सांगतात व ते खरेही आहे. परंतु मोरचूद विषारी आहे. मुलांचे हात जेथे पोहोचतात तेथे ते चालणार नाही.

चिकटवू नये, शिवावे. रशियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांतून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा नमद्याचा एक प्रचंड भिंतपडदा सापडला. तो आज सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यावरील आकृती रंगीत नमद्याच्या असून त्या कापून शिवलेल्या आहेत. तो पडदा टिकला तो अर्थात बर्फामुळे. आपल्याकडे बर्फ नाही, कसर मात्र आहे.

शिवण्याची रीत अशी. मांजरपाटाची किंवा जुन्या खादीची सुमारे 10 सेंटिमीटर रुंदीची पट्टी घेऊन तिचा नेफा करावा व तो नमद्याच्या वरच्या कडेस पाठीमागून, कडेच्या थोडा खाली, जाड दोऱ्याने टाचावा. सुई नमद्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवावी, म्हणजे पुढील अंगास टाका दिसत नाही. काठी घातल्यावर नेफा फुगतो. म्हणून तो किंचित सैल ठेवावा, नाहीतर चित्राच्या माथ्यावर वळकटी उठते. नेफ्यातून वेळूची सरळ, तासून गुळगुळीत केलेली काठी ओवावी. खालच्या कडेस असाच लहान नेफा करून बारीक काठी घालावी. तिच्यामुळे कडा वळत नाहीत. पुष्कळ ठिकाणी नमद्याच्या दोन कोपऱ्यांना भोके पाडून दोरी बांधतात. असे केल्यास सारा भार दोन टोकांवर येतो आणि काही महिन्यांत मध्यभागी झोळी पडते. भार संपूर्ण रुंदीवर वाटला गेला पाहिजे. नेफ्याची खटपट आहे ती त्यासाठीच.

लहान तुकडे असतील तर लाकडी चौकटीवर खादी ताणून तीवर ते टाचावेत. मोठा साधा नमदा मिळाल्यास त्याचाच खादीफलक होतो: नमद्याची कापलेली अक्षरे, अंक वा पानेफुले त्यावर नुसती दाबली तरी धरून राहतात. मात्र फलक किंचित मागे कललेला असावा. पहिलीच्या वर्गास याहून स्वस्त साधन आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता टांगण्याविषयी. प्रत्येक चित्रासाठी भिंतीत नवा खिळा ठोकू नये. दरवाजा-खिडक्यांच्या माथ्यावरून फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्यास तर मुळीच हात लावू नये. त्यातील लोखंडापर्यंत ओल पोहोचली की ते गंजते. त्या पट्ट्याच्या खाली, भिंतीच्या मजबूत भागावर, सुताराकडून एक लांब लाकडी पट्टी स्क्रूने एकदाच बसवून घ्यावी आणि तिला तोंड बंद होणारे आकडे लावावेत. उघड्या खिळ्यावरची दोरी धक्क्याने उसळून सुटते, बंद आकड्यातील सुटत नाही. दरवाजाच्या वर व बाहेर जाण्याच्या वाटेवर काहीच टांगू नये. चित्राचा मध्य जमिनीपासून एक ते सव्वा मीटरवर असावा. आपण आपल्या डोळ्यांच्या उंचीने चित्रे लावतो आणि मुले त्यांच्या खालच्या कडा पाहत राहतात!

लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. म्हणून पावसाळ्यात चित्र भिंतीस टेकू देऊ नये. खालच्या काठीमागे दोन्ही टोकांस वेळूची पेरे बांधली की बोटभर अंतर राहते आणि हवा खेळते. भिंत पाझरत असल्यास जागाच बदलावी. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची प्रथा आहे, त्यावर विसंबू नये. कसर अंधार व निवांतपणा शोधते. महिन्यातून एकदा चित्र उतरवून, झटकून, पाठीमागून कुंचा फिरवावा आणि थोडा वेळ उन्हात ठेवावे. काठी नेफ्यातून ओढली की चित्र मोकळे होते, त्यामुळे हे काम चौथीची दोन मुलेही करू शकतात. बाजारात नमदा म्हणून मिळणारे रंगीत कापड बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्यास कसर लागत नाही हे खरे, पण ज्योतीजवळ ते वितळते. लोकर सहजी पेट घेत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी चित्रे उतरवून, घडी न घालता काठीभोवती सैल गुंडाळावीत व जुन्या धोतराच्या कापडात बांधून पेटीत ठेवावीत. पाठीमागे कापडाची एक चिंधी टाचून तीवर मुलांची नावे, इयत्ता, वर्ष आणि लोकर कोणाच्या कळपातील, हे पक्क्या शाईने लिहून ठेवावे.