जुन्या हाडांचं निदान

मुक्ताईनगरच्या शिवारात काळ्या मातीखाली खोल गेलं की शेवटी काळा कातळच लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा थर. डायनासोरांचा शेवटही साधारण त्याच सुमाराचा, पण लाव्ह्याच्या थरात हाडं सहसा टिकत नाहीत. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात गेलं, की मात्र लाव्ह्याखालचे जुने गाळाचे थर उघडे पडलेले दिसतात. तिथे, धार जिल्ह्यातल्या बागजवळ पाडल्या या गावी, दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांना डायनासोरच्या एका घरट्यात दहा अंडी मिळाली. त्यांतल्या एका अंड्याला एकात एक अशी दोन कवचं होती आणि दोन्हींच्या मध्ये चांगलं रुंद अंतर होतं. कोंबडीत हा दोष क्वचित आढळतो: कवच चढलेलं अंडं बाहेर पडायच्या ऐवजी नळीत मागे सरकतं आणि त्यावर दुसरं कवच बसतं. २०२२ साली हा शोध प्रसिद्ध होईपर्यंत असा प्रकार फक्त पक्ष्यांत माहीत होता. अंडनलिका मऊ असते, तिचा जीवाश्म होत नाही. पण या बिघडलेल्या अंड्यावरून त्या डायनासोरची अंडनलिका कासवापेक्षा पक्ष्यांच्या किंवा मगरीच्या जवळची असावी, असा अंदाज बांधता आला. निरोगी अंड्यांनी एवढं सांगितलं नसतं. म्हणूनच जीवाश्मातला दोष हा टाकाऊ नमुना न मानता पुरावा मानायला हवा, आणि तो वाचायला डॉक्टर सोबत हवेत.

कॅनडातलं उदाहरण यापेक्षा ठळक आहे. अल्बर्टात १९८९ साली सेंट्रोसॉरस या शिंगाळ्या डायनासोरचं पायाचं एक हाड सापडलं. मोडून जुळलेलं हाड, अशीच त्याची नोंद झाली. पुढे जीवाश्मतज्ज्ञांबरोबर कर्करोगाचे आणि हाडांचे डॉक्टर बसले. त्यांनी त्याचं सीटी स्कॅन केलं, पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्याच हाडाचा कर्करोग झालेल्या माणसाच्या नमुन्याशी ताडून पाहिलं. निदान निघालं ऑस्टिओसारकोमा, तरुण मुलांमध्ये आजही दिसणारा हाडाचा कर्करोग. हे निदान २०२० साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रुग्ण सुमारे ७.६ कोटी वर्षांपूर्वीचा. गाठ वाढलेली असूनही तो प्राणी कळपासोबत, बहुधा पुरात, मेला असावा, असं त्याच्याभोवतीच्या हाडांच्या ढिगावरून वाटतं.

एका हाडावरून रोग किती पसरला होता हे कळत नाही, असा आक्षेप घेता येईल, आणि तो बरोबरच आहे. मात्र कर्करोग हा केवळ आजच्या राहणीचा रोग आहे, ही समजूत खोडायला एक पक्कं निदान पुरेसं आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: तालुक्याच्या दवाखान्यात औषधं पुरत नसताना मेलेल्या जनावरांची तपासणी कशाला? याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात, माणसांच्याच जुन्या दातांत मिळतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लहान मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांना इनॅमलचे खळगे दिसले. इनॅमल एकदा घडलं की पुन्हा भरून येत नाही, त्यामुळे बाळपणात शरीरावर आलेला ताण तिथे कायम नोंदला जातो. बालरोगतज्ज्ञ आजच्या मुलांच्या दातांतही हीच खूण शोधू शकतात, आणि त्यासाठी आरसा नि उजेड एवढंच साहित्य लागतं.